काकूंचं जांभूळ

मी पहिल्यांदा दारू चाखली ती श्रावणात, भर दुपारी, नवऱ्याला समोर बसवून आणि सरकारी परवाना घेऊन. एवढं एक वाक्य आमच्या सोसायटीत बरेच दिवस फिरत होतं. फिरता फिरता त्याला पाय फुटले, मग शेपूट फुटलं, आणि शेवटी मी कुठल्याशा हॉटेलात नाचले असंही एका बाईंनी दुसऱ्या बाईंना सांगितलं. मला नाचता येत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. शिकले मी सातवीपर्यंत. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांपासून वाचनालयापर्यंत, जसं सापडलं तसं. तेव्हा बोलते तसंच लिहिते. खटकलं तर पान उलटा.

सुरुवात ह्यांच्या नोकरीपासून करावी लागेल. हे पिंपरीला एका कारखान्यात होते. देशाचे दरवाजे उघडले, आता सगळं मोकळं होणार, असं पेपरात रोज छापून यायचं. आम्हाला वाटलं, दरवाजे उघडले तर वारा येईल. वारा आला आणि त्यात ह्यांची नोकरी उडाली. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची ते कोणी विचारलं नाही. हे घरी बसले, पेपर दोनदा वाचायला लागले, आणि मी सरबतं करायला घेतली.

माझं माहेर नीरेकाठचं. वडिलांचं उसाचं गुऱ्हाळ होतं. पाक कुठवर आलाय हे मला बुडबुड्यांच्या आवाजावरून कळतं, त्यासाठी बोटाला लावून तार बघावी लागत नाही. तेवढ्या भांडवलावर कोकम, आवळा, पन्हं असं करून विकू लागले. कोथरूडमध्ये तेव्हा घरोघरी मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं, मागणी भरपूर. मग तेच उघडे दरवाजे आमच्या गल्लीपर्यंत आले. परदेशी कोल्ड्रिंकांचे ट्रक क्रेटच्या क्रेट उतरवायला लागले आणि लग्नांत पाहुण्यांना कोकम देणं म्हणजे कंजूषपणा ठरला. दोन-तीन उन्हाळे माझ्या बाटल्या माळ्यावर पडून राहिल्या. पुढे कॉम्प्युटरवाल्या मुलांच्या हातात पैसा आला, त्यांनी जगभरचं खाऊनपिऊन पाहिलं आणि त्यांना घरगुती हवंसं वाटायला लागलं. ज्या कोकमाला कंजूष म्हणायचे त्याला आता नॅचरल म्हणू लागले. मी काहीच बदललं नव्हतं. बाटली तीच, चिकटपट्टी तीच.

आता एक गोष्ट सांगते ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी स्वयंपाक करताना चाखत नाही. चाखत नव्हते. सासूबाईंची शिस्त. करणारीने आधी जीभ लावली की अन्न उष्टं झालं, मग ते देवापुढे ठेवता येत नाही. देवाचं ठीक आहे, पण हा नियम देवापुरता राहिला नाही. रोजच्या आमटीलाही लागू झाला. पुरुष, मुलं, पाहुणे जेवणार आणि मग उरलेलं आपण घेणार. तेव्हा कळणार मीठ कमी होतं की जास्त. आणि तेव्हा कळून उपयोग काय? मी वासावर काम करायला शिकले. लोक म्हणतात मिठाला वास नसतो. मिठाला नसेल, पण भाजीत मीठ पडलं की वाफेचा वास बदलतो.

सरबतांचंही तेच. पातेलं उतरवलं की एका वाटीत काढून ह्यांच्यापुढे ठेवायचं. हे पेपर बाजूला करून, डोळे मिटून एक चमचा घेणार, मग म्हणणार, "साखर थोडी पाहिजे." दर वेळी तेच. ह्यांना मधुमेह आहे. घरात साखर बंद. पण डॉक्टरांनी चाखायला मनाई केलेली नाही असं ह्यांचं म्हणणं. मी साखर घालायचे आणि बाटल्या भरायचे. भांडं विसळताना बोटाला लागेल तेवढंच माझ्या तोंडात जायचं. म्हणजे इतकी वर्षं मी जे विकत होते ते ह्यांच्या जिभेने केलेलं होतं. तेव्हा मला ते तसं दिसत नव्हतं.

एका जूनमध्ये एक मुलगी घरी आली. कर्वे रस्त्यामागच्या गल्लीत एका जुन्या बंगल्यात तिने रेस्टॉरंट काढलं होतं. त्याआधी हिंजवडीला मोठ्या नोकरीत होती, ती सोडली होती. तिच्या आईचं अजून त्यावर रडणं चालू होतं असं तीच हसत म्हणाली. तिला माझं जांभळाचं सिरप कुठेतरी मिळालं होतं. म्हणाली, "काकू, मला हे लागेल तसं दर आठवड्याला द्याल?"

मी म्हटलं, "देईन की. आईस्क्रीमवर घालणार का?"

"ड्रिंकमध्ये घालीन," ती म्हणाली.

ड्रिंक म्हणजे सोडा घालून, असं मी समजले. आमच्या घरात ड्रिंक हा शब्द कोल्ड शब्दाशिवाय कधी आलाच नव्हता. ती पोरगी काही लपवत नव्हती. तिने सांगितलं, मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात शिरलं ते माझ्या घरातलं. ती बाटल्या न्यायची, रिकाम्या धुऊन परत आणायची. बाटल्या धुऊन परत आणणारं गिऱ्हाईक माझ्या आयुष्यात ते पहिलं.

श्रावण लागला. आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात. ओळखू यावं म्हणून लोक वरच्या वहिनी आणि खालच्या वहिनी म्हणतात. सोसायटी झाल्यापासूनची मैत्री. भाजी आणायला एकत्र, दवाखान्यात एकत्र, त्यांचे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस मी त्यांच्याकडेच होते. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. एका सकाळी खाली आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "तुमचं जांभूळ कुठे जातंय, माहीत आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "पोटात."

"चेष्टा नको. माझा भाचा काल ऑफिसच्या लोकांबरोबर त्या बंगल्यात गेला होता. तिथल्या कार्डावर काय लिहिलंय ऐका. काकूंचं जांभूळ. आणि खाली, त्यात बर्बन."

ह्यांनी पेपरातून डोकं काढलं. "बर्बन म्हणजे ते बिस्किट ना, मधे चॉकलेट असलेलं?"

"व्हिस्की, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "अमेरिकन. बिस्किट खायला परवाना लागत नाही."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून बरं, नाहीतर कोणी काय बोललं असतं कोण जाणे.

वहिनी मग हळू आवाजात बोलायला लागल्या, म्हणजे खरं काम आता निघालं. म्हणाल्या, "रविवारी गणपतीची मीटिंग आहे. विषय निघणार. मी म्हणते, तुम्ही एवढंच सांगा की मला माहीत नव्हतं, आता कळलं, आता देणं बंद. संपलं. नाहीतर बायका म्हणतील, ज्या हाताने बारचा माल होतो त्या हाताचा नैवेद्य नको."

हे मला लागलं. का लागलं ते सांगते. आमच्या सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो आणि पहिल्या दिवसाचे उकडीचे मोदक माझ्या स्वयंपाकघरात होतात. पहिल्या वर्षापासून. त्या सकाळी वरच्या वहिनींसकट सगळ्या बायका माझ्याकडे येतात. ओट्याला जागा पुरत नाही, म्हणून खाली सतरंजीवर ताटं मांडून बसतात. कोणी नारळ खवतंय, कोणी पाऱ्या करतंय, कोणाची पारी फाटली की बाकीच्या तिच्या सासूचा उद्धार करतायत. उकड मात्र मी काढते. मी म्हणेन तेव्हा पातेलं उतरायचं, मी म्हणेन तेव्हा मळायचं. वर्षात एक दिवस असा असतो की एवढ्या बायका माझ्या शब्दावर उठतात-बसतात. मुलगा परदेशी गेल्यापासून तर घर भरतं ते त्याच दिवशी. तो दिवस जाणार होता.

आणि वाचवायला फार काही करायचं नव्हतं. एक वाक्य बोलायचं. तेही खरंच. मला माहीत नव्हतं हे खरं होतं.

वहिनी गेल्यावर हे म्हणाले, "बोलून टाक. त्यात खोटं काय आहे?"

मी म्हटलं, "आज सकाळपर्यंत खोटं नव्हतं. आता माहीत झालं. आणि बंद करायचं तर काय बंद करतेय ते तरी बघू दे की."

"बघायचं म्हणजे?"

"जाऊन बघायचं."

"श्रावणात?"

"मग भाद्रपदापर्यंत मीटिंग थांबवा."

हे उठून शर्ट घालायला गेले. मी म्हटलं, तुम्ही कुठे? तर म्हणाले, "पोलिसांनी धरलं तर सोडवायला कोणीतरी पाहिजे."

रिक्षाने गेलो. जेवणाची वेळ टळलेली, त्यात श्रावण, त्यामुळे बंगला रिकामा. आत थंडगार, जुन्या फरश्या, भिंतींना पिवळा रंग. मला वाटलं होतं की अंधार असेल, लाल दिवे असतील. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि मागच्या अंगणात पेरूचं झाड. ती मुलगी हिशोब सोडून धावत आली. "काकू, तुम्ही? बसा ना, कॉफी सांगू?"

"कॉफी नको," मी म्हटलं. "माझं जांभूळ दे. जसं गिऱ्हाइकाला देतेस तसं."

तिचा चेहरा पडला. कार्ड पुढे केलं, त्यावर खरंच माझं जांभूळ छापलेलं. म्हणाली, "काकू, मी तुम्हाला सांगितलं होतं ड्रिंकमध्ये घालते म्हणून. तुम्हाला चालत नसेल तर आजच नाव काढते कार्डावरून. आणि सिरप मी दुसरीकडून घेईन, तुमच्यावर काही येणार नाही."

बघा, सगळेच मला बाहेर काढायला निघाले होते. वहिनी, ही, घरून आलेले हे. जो तो दार उघडून उभा. आणि आत काय आहे ते मात्र कोणी दाखवत नव्हतं.

मी म्हटलं, "ते मग. आधी दे."

ती ह्यांच्याकडे बघायला लागली. हे छताकडे बघायला लागले. मग ती अगदी मायेने म्हणाली, "चहाच्या कपात देऊ का? रस्त्यावरून कोणी बघितलं तरी कळणार नाही."

"तुझी बाकीची गिऱ्हाइकं कपात पितात?"

"नाही."

"मग ग्लासात. आणि तो परवाना का काय असतो तो पण."

त्यावर ती हसली. एक दिवसाच्या परवान्याचं छोटं पुस्तक तिने ड्रॉवरमधून काढलं, त्यातला एक कागद भरून माझी सही घेतली. मी चष्मा लावून सगळं वाचलं, सही करायच्या आधी वाचायची मला सवय आहे. त्यात लिहिलं होतं की हे पेय मला आरोग्य राखण्यासाठी लागतं. सही करून मी ह्यांना म्हटलं, "सरकार म्हणतंय तब्येतीला चांगलं." हे म्हणाले, "सरकारने माझी नोकरीपण तब्येतीसाठीच घेतली." बऱ्याच वर्षांनी ह्यांनी त्या विषयावर विनोद केला होता. मला बरं वाटलं.

तिने तिथेच, आमच्यासमोर केलं. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फ, माझं सिरप, लिंबाचा रस आणि बाटलीतून मोजून ते बर्बन. मी विचारलं, हे कशाचं करतात? म्हणाली, मक्याचं, आणि मग आतून जाळलेल्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. मुरवतात म्हटल्यावर मला जरा आपलं वाटलं. मुरवणं मला कळतं. डबा खळखळ हलवून तिने बसक्या ग्लासात ओतलं, वर संत्र्याची साल पिळली. रंग असा जांभळा की पैठणीच्या काठाला शोभावा. ग्लास आणून तिने टेबलावर ठेवला तो ह्यांच्यापुढे. तिचं चुकलं नाही. हात तसाच वळतो. आणि ह्यांनी, ज्यांनी आयुष्यात सुपारी सोडून कसलं व्यसन केलं नाही त्यांनी, डोळे मिटून ग्लासाकडे हात नेला. चाखायला. जन्माची सवय. आणि खरं सांगते, मी पण ग्लास त्यांच्या हाताजवळ सरकवला.

सरकवला आणि थांबले.

म्हटलं, "थांबा. आज मी आधी."

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांच्या खुर्चीत बसले. मी ग्लास माझ्याकडे ओढला.

आधी वास घेतला, कारण तेच मला येतं. इंजेक्शनच्या आधी कापसाने दंड पुसतात तो वास येईल अशी तयारी होती. तो आला, पण मागून, दाराआडून डोकावल्यासारखा. पुढे आलं ते दुसरंच. गुऱ्हाळात गूळ उतरवल्यावर काहिलीच्या कडेला जो थर चिकटून राहतो, अर्धवट जळका, तो आम्ही पोरं खरवडून खायचो. अगदी तो वास. मक्याच्या आणि लाकडाच्या पोटातून माझ्या वडिलांची काहील कशी काय निघाली ते मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी घोट घेतला.

थंड. मग लिंबू. मग घशातून खाली एक ऊन रेघ ओढल्यासारखी. आणि जांभूळ? जांभळाचा म्हणून जो तुरटपणा असतो, जीभ टाळ्याला चिकटवणारा, त्याची मी वाट बघत राहिले. तो आला, पण दबलेला, माझ्याच साखरेखाली. दुसरा घोट घेतला. तेच. एवढी कडक चीज, अमेरिकेतून आलेली, पिंपात जाळून मुरवलेली, तिच्यापुढे माझ्या जांभळाने ताठ उभं राहायला पाहिजे होतं. ते गोडात बुडून गेलं होतं.

"कसं आहे?" ह्यांनी विचारलं. कधी नाही ते ह्यांनी मला विचारलं.

"गोड जास्त आहे," मी म्हटलं.

ती मुलगी म्हणाली, "मी म्हणूनच लिंबू जास्त घालते, काकू. तुम्हाला कसं सांगू असं झालं होतं. लोकांना आवडतंच आहे तसं."

"लोकांना आवडू दे. मला आवडलं नाही. पुढच्या बाटल्यांत साखर कमी करते. माळ्यावर अजून गर भरून ठेवलेला आहे." आणि उरलेला ग्लास मी पिऊन टाकला. अन्न टाकायचं नाही हीसुद्धा सासूबाईंचीच शिस्त. ह्यांनी लिंबू सोडा घेतला. निघताना तिने परत विचारलं, "नाव काढू ना कार्डावरून?"

"राहू दे," मी म्हटलं. "माझंच आहे ते."

रिक्षात कान गरम झाले होते आणि नळ स्टॉपचा सिग्नल नेहमीपेक्षा सुंदर दिसत होता, एवढं मान्य करते. ह्यांनी घरापर्यंत माझा दंड धरून ठेवला होता. मी काही पडणार नव्हते, पण सोडा म्हटलं नाही.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. वर्गणी, मांडव, स्पीकरचा आवाज असे विषय झाले. मग वरच्या वहिनी म्हणाल्या, "नैवेद्याचं काय करायचं?" आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत दरडावणं नव्हतं, विनवणी होती. त्यांनी वाक्य तयार करून माझ्या हातात दिलेलं, मी फक्त बोलायचं होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझं सिरप तिथे दारूत जातं हे मला आधी माहीत नव्हतं. आता आहे. मी जाऊन पिऊन आले. चांगलं आहे. साखर जास्त झाली होती, ती कमी करते आहे. देणं चालू राहील."

स्पीकरवाले काका खोकले. मागून एक बाई म्हणाल्या, "पिऊन आले म्हणजे? तुम्ही स्वतः?"

"मग काय, भाच्याला पाठवू?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दुसरी म्हणाली, "अहो पण श्रावणात. निदान सांगायचं तरी नाही."

मी म्हटलं, "हेच मला कळत नाही. ह्याच पार्किंगमध्ये श्रावण लागायच्या आधीच्या अमावस्येला कोणाकोणाच्या गाड्या कशा तिरक्या लागतात ते वॉचमनला विचारा. त्यांच्या हातचे मांडवाचे बांबू चालतात, त्यांच्या हातची आरती चालते. माझा ग्लास टेबलावर होता, दिवसा, खिडकी उघडी ठेवून. त्याचाच तेवढा विटाळ?"

पुरुषमंडळी एकदम मांडवाच्या मापाबद्दल बोलायला लागली.

वहिनी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "वहिनी, अजून वेळ गेली नाही. देणं बंद म्हणा. एवढंच." त्यांना मला घालवायचं नव्हतं हे मला कळत होतं. पण त्यांना ठेवायची होती ती मी नव्हते. ते वाक्य बोलणारी कोणीतरी दुसरी होती.

"नाही म्हणत," मी म्हटलं आणि बसले.

ठरलं काय, तर ह्या वर्षी मोदक दुकानातून आणायचे. कोणाला त्रास नको, असं त्याचं कारण लिहिलं. मला विचाराल तर त्रास झाला. खोटं कशाला बोलू? घरी येऊन मोदकपात्र माळ्यावरून काढलं, घासलं आणि परत ठेवलं. वहिनी भाजीला माझ्याशिवाय जाऊ लागल्या. जिन्यात भेटल्या की पिशवी ह्या हातातून त्या हातात घ्यायच्या. मी म्हणायचे, "काय आणलंत?" त्या म्हणायच्या, "दोडका." आमची मैत्री काही दिवस दोडक्यावर चालली.

चतुर्थी आली. सकाळी सवयीने लवकर जाग आली. कोणी येणार नव्हतं. सतरंजी काढायची नव्हती. घरच्या गणपतीपुरते मोदक करायचे होते, तेवढ्यासाठी ओटा पुरून उरला. हे आंघोळ करून दारात येऊन उभे राहिले, रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत. म्हणाले, "आता टाक ना देणं बंद करून. एवढा एक दिवस होता तुझा."

मी म्हटलं, "दिवस माझाच आहे. नारळ कोण खवणार?"

"म्हणजे?"

"बायका येणार नाहीत. तुम्ही आहात."

ह्यांनी जन्मात खवणी हातात धरली नव्हती. बसले. अर्धा नारळ खवला, बोट कापून घेतलं, दुसरी वाटी घेतली. मी गूळ आणि खोबरं चढवलं. सारण शिजायला लागलं, वेलची टाकली, वास भरला. त्या वासावरून मी आजवर सगळं केलं होतं आणि तो वास मला सांगत होता की झालं. मी चमचा घेतला. एका वाटीत थोडं काढलं. ह्यांनी खवणीवरूनच हात पुढे केला.

मी वाटी दिली नाही. देवघरात गणपती बसलेले होते, दार उघडं होतं, तिथून ओटा सरळ दिसतो. ओट्याशीच उभी राहून मी ते सारण तोंडात घातलं.

हे म्हणाले, "अगं, नैवेद्याचं आहे."

"हो ना. नैवेद्याचं आहे म्हणूनच. इतकी वर्षं त्याला मी न चाखलेलं खायला घालत होते."

"मग? कसं आहे?"

मी जिभेवर घोळवलं. गूळ चांगला होता. खोबरं जरा जाड खवलेलं, त्याला इलाज नव्हता. कशाने तरी सपक लागत होतं, आणि कशाने ते मला कळलं तेव्हा मला त्या आधीच्या सगळ्या वर्षांचे मोदक आठवले, आणि प्रत्येक वर्षी बायका म्हणायच्या वा, छान, ते आठवलं.

"मीठ," मी म्हटलं. "मीठ कमी आहे." आणि चिमूटभर घातलं.

देव रागावला असेल तर त्याने अजून तरी कळवलेलं नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये आरतीला गेले, पुढच्या रांगेत उभी राहिले, दुकानातला मोदक प्रसाद म्हणून घेतला. वहिनींनी स्वतः माझ्या हातावर ठेवला. माझ्याकडे न बघता विचारलं, "कसा आहे?"

मी खाऊन बघितला. "गोड आहे," म्हटलं. "जरा जास्तच."

त्या पुढच्या हातावर प्रसाद ठेवायला वळल्या. पण प्रसाद वाटून झाल्यावर माझ्या मागोमाग जिना चढल्या आणि आमच्या दाराशी थांबल्या. मी आत या म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी आतून एक मोदक आणून त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, आधी ऐका. हे सारण मी चाखलेलं आहे, नैवेद्याच्या आधी. आणि जांभळाच्या बाटल्या उद्या जाणार आहेत. हे दोन्ही माहीत असून खायचा असेल तर खा."

त्यांनी एकदा मोदकाकडे बघितलं. मग तिथेच, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून, अर्धा तोडून तोंडात घातला. चावत चावत माझ्याकडे बघितलं.

"ह्या वर्षी काहीतरी वेगळं आहे," त्या म्हणाल्या.

"मीठ," मी म्हटलं.

उरलेला अर्धा त्यांनी खाल्ला की वर नेला ते मी बघितलं नाही. मला दुसऱ्या दिवशीच्या बाटल्या भरायच्या होत्या. साखर कमी केलेली. हे वाटी घेऊन वाट बघत बसले होते. मी आधी चाखलं, मग त्यांना दिलं. म्हणाले, "साखर थोडी पाहिजे."

मी झाकणं लावायला घेतली.